पिल्लं टिकत नाहीत? आधी सांगा, कितव्या दिवशी गेली

"ताई, याही खेपेला पिल्लं राहिली नाहीत. कुठलं औषध देऊ?" परसात दहा-वीस कोंबड्या सांभाळणाऱ्या घरांतून हा प्रश्न दर हंगामाला येतो. औषधाचं नाव घेण्याआधी मी उलट विचारते: पिल्लं कितव्या दिवशी गेली, आणि रात्रीत गेली की दिवसा? उत्तर बहुतेकदा असं मिळतं, "गेली हो, आठ-पंधरा दिवसांत." घोळ तिथेच होतो. चौथ्या दिवशी मेलेलं पिल्लू बहुधा गारठलेलं असतं. पंचविसाव्या दिवशी मेलेल्याला बहुधा रक्ती हगवण असते. अडीच महिन्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मान वाकडी करून पडली, तर लस चुकलेली असते. तिन्ही वेळा दुकानातून तीच पिवळी प्रतिजैविकाची पुडी येते, पाण्यात कालवली जाते, आणि तिन्ही वेळा पिल्लं जातातच. कारण गारठ्यावर, हगवणीच्या त्या परजीवीवर आणि मानमोडीच्या विषाणूवर तिचा इलाजच चालत नाही.

म्हणून पिल्लं घरात आली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करा. पुढे एखादं मेलं की त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहा, रात्री मेलं असेल तर आकड्याभोवती गोल करा. एवढी नोंद हाताशी असेल तर निम्मं निदान घरबसल्या होतं.

पहिला आठवडा: आधी ऊब तपासा

ऊब तपासलेली नसेल तोवर पहिल्या आठवड्यातल्या मरणाला मी रोग मानत नाही. एका दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, स्वतःची उष्णता राखणं त्याला जमत नाही. कोंबडीच्या पंखाखाली ती आयती मिळते. खोक्यातून विकत आणलेल्या पिल्लांना ती आपण द्यायची: पहिल्या आठवड्यात साधारण ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सिअस, आणि पुढे दर आठवड्याला पाच-पाच फॅरनहाइटने कमी. हवा उबदार असेल तर चौथ्या आठवड्यानंतर दिवा काढता येतो. आमच्या जुन्नरच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत मात्र सहाव्या आठवड्यापर्यंत रात्रीची ऊब लागते.

हल्ली एक नवंच कारण घरोघर दिसतं. "दिवा रात्रभर चालू होता," असं शपथेवर सांगतात. जाऊन बघावं तर खोक्यावर नऊ वॅटचा एलईडी लटकतोय. उजेड लख्ख, पण खाली तळहात धरला तर हाताला काही लागत नाही. एलईडी खाली उजेड टाकतो, ऊब जवळजवळ टाकत नाही. पिल्लांना जुना पिवळा, तारेचा बल्ब हवा. हिशेब पिल्लामागे दोन वॅटचा: पंचवीस पिल्लांना साठचा एक पुरतो, थंडीत शंभरचा. माझं ऐकाल तर चाळीस-चाळीसचे दोन लावा, म्हणजे मध्यरात्री एक उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत तग धरतो. असे बल्ब आता गावात मिळेनासे झालेत. तालुक्याच्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा, नाहीतर कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्याकडे तांबडा इन्फ्रारेड दिवा मिळतो. तो फार तापतो, म्हणून वायरवर न लोंबकळवता साखळीने पक्का टांगा. खाली पडला तर तूस पेटतं, आणि त्याच्यासोबत गोठाही.

ऊब पुरते आहे का हे पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली, सतत चढ्या आवाजात चिवचिवत राहिली, तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, तर ऊब जास्त झाली. बल्ब वर उचला. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर समोरच्या फटीतून वारा येतोय. सगळीकडे पसरून काही खातायत, काही मान टाकून झोपलीत, आवाज बारीक आहे, असं असेल तर तुम्हीही झोपायला जा. आणखी एक खात्रीची परीक्षा: चार-पाच पिल्लं हातात घेऊन त्यांची पावलं आपल्या गालाला लावा. पावलं गार लागली तर दिवा कितीही लखलखत असो, जमीन थंड आहे. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर एकच वर्तमानपत्र अंथरून पिल्लं सोडली की हेच होतं. खाली दोन इंच तरी कोरडं तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाच्या शेंगांची टरफलं हवीत.

सकाळी एकाच कोपऱ्यात सात-आठ पिल्लं चपटी होऊन मेलेली सापडली, तर तो रोग नव्हे. रात्री गारठून सगळी कोपऱ्यात घुसली आणि खालची गुदमरली. असा कोपराच नको. पुठ्ठ्याची किंवा पत्र्याची दीड फूट उंचीची पट्टी गोल वळवून कडं करा आणि पिल्लं त्याच्या आत ठेवा. पहिल्या आठवड्यानंतर कडं मोठं करत न्या.

रात्री वीज जाते हा आपल्याकडचा खरा प्रश्न. काही घरांत कोळशाची शेगडी ठेवतात. बंद खोलीत ती ठेवू नका. धुराने आणि कोळशाच्या वायूने पिल्लं मरतात, माणसालाही धोका असतो. त्यापेक्षा मातीच्या मडक्यात किंवा जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये कढत पाणी भरून, तोंड घट्ट बंद करून, भोवती गोणपाट गुंडाळून कड्याच्या मधोमध ठेवा. वरून अर्ध्या भागावर गोणपाट टाका, अर्धा भाग हवेला मोकळा. तीन-चार तास त्यावर निघतात.

पाणी आणि पहिलं खाणं यातही पिल्लं जातात. अंड्यातून बाहेर येताना पोटात बलकाचा उरलेला भाग असतो, त्यावर पिल्लू दोन-तीन दिवस जगतं. म्हणून तर ती लांबून पाठवता येतात. पण प्रवासात तहान लागते. घरी आल्याबरोबर एकेकाची चोच हलकेच पाण्यात बुडवून सोडा. पाणी कोमट हवं, लिटरमागे मूठभर गूळ चालेल, तोही पहिले काही तासच. दिवसभर तेच ठेवलं की पाणी आंबतं. मग दोन-तीन तासांनी मक्याची बारीक भरड पसरा, आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं स्टार्टर खाद्य. रात्री झोपण्याआधी पाच-सहा पिल्लांच्या गळ्याखालची अन्नपिशवी चिमटीत धरून बघा. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर दाणा-पाणी दोन्ही पोचलंय. कडक लागली तर पाणी सापडलेलं नाही. रिकामी असेल तर ते पिल्लू दाण्यापर्यंत गेलेलंच नाही, त्याला उचलून भांड्याशी ठेवा.

पाण्याचं भांडं उथळ हवं. वाडग्यात पाणी दिलं की पिल्लं त्यात पडून भिजतात आणि भिजलेलं पिल्लू रात्र काढत नाही. घरचं ताट वापरायचं असेल तर त्यात गोटे टाका, चोच जाईल एवढीच जागा राहू द्या.

याच आठवड्यात दोन बारीकसारीक तक्रारी असतात. एक म्हणजे मागचं गुद विष्ठेने चिकटून बंद होणं. ओढून काढू नका, कातडी सोलून निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून ठेवत राहा, सुटलं की पुसून कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट लावा. पिल्लू पूर्ण सुकल्याशिवाय परत सोडू नका. एक-दोन पिल्लांना झालं तर झालं. निम्म्या पिल्लांना झालं तर ऊब किंवा खाणं बिघडलेलं आहे, ते दुरुस्त करा. आणि पोटाच्या बाजूला दिसणारी छोटी खपली म्हणजे बेंबी असते, तिला हात लावू नका. दुसरी तक्रार पाय फाकण्याची. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि दोन्ही बाजूंना फाकून राहतात. पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात आलं तर मऊ कापडाच्या चिंधीने दोन्ही पाय अंगाच्या रुंदीइतकं अंतर ठेवून सैलसर बांधा आणि खाली खरखरीत गोणपाट द्या. तीन-चार दिवसांत बरीचशी उभी राहतात. उशीर झाला तर मग नाही.

पोट फुगलेलं, बेंबी ओली आणि घाण वास, असं पिल्लू आलं तर ते बहुधा उबवतानाच बिघडलेलं असतं. ते वेगळं करा. खेपेतली बरीच पिल्लं तशी असतील तर विकणाऱ्याला कळवा. मोटारसायकलवर जाळी बांधून दारोदार येणाऱ्यांकडून पिल्लं घेणं मला मान्य नाही. "गिरिराज आहे" म्हणून परसातली सुधारित जात सांगतात आणि बऱ्याचदा अंड्याच्या जातीचे निवडून टाकलेले नर असतात, मरेक्स या विषाणूच्या रोगाची पहिल्या दिवसाची लस झालेली नसते. त्यापेक्षा पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत नोंदणी करून थांबलेलं बरं.

तिसरा ते सहावा आठवडा: रक्ती हगवण

पहिले दोन आठवडे निघाले म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमकी तेव्हाच ही गाठते, त्यातही पावसाळ्यात. पिल्लू पिसं फुलवून, डोळे मिटून, पंख खाली सोडून उभं राहतं. खात नाही. तुसावर तपकिरी, चॉकलेटी किंवा सरळ लाल विष्ठा दिसते. तुरा फिका पडतो. दोन-तीन दिवसांत पटापट पडू लागतात.

हे काम एका सूक्ष्म परजीवीचं. त्याची बीजं विष्ठेतून बाहेर पडतात, पण पडल्या पडल्या ती रोग देत नाहीत. त्यांना ओल आणि ऊब मिळाली तर एक-दोन दिवसांत पिकतात, मग दुसऱ्या पिल्लाने टोचून खाल्ली की आतड्यात वाढतात. सगळी किल्ली या एक-दोन दिवसांत आहे. तूस कोरडं असेल तर बीजं फारशी पिकत नाहीत, पिल्लू थोडीशी खातं आणि उलट त्याची ताकद तयार होते. ओलं असेल तर एकदम इतकी पोटात जातात की आतडं सोलवटून निघतं.

तुसाची परीक्षा सोपी. मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल फार आहे. हलकेच फुटून पडला तर ठीक. मुठीत धरताच येत नसेल, धूळ उडत असेल तर जरा जास्तच कोरडं आहे, पण तो धोका लहान. परीक्षा खोलीच्या मधोमध करून उपयोग नाही. पाण्याच्या भांड्याच्या भोवतीचा हातभर गोल बघा. ओल तिथेच असते. तेवढं तूस रोज काढून टाका आणि कोरडं घाला. भांडं विटेवर ठेवा, त्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला यावी; पिल्लं वाढली की वीट वाढवा. आमच्या शेजारच्या वाडीत एका घरी दर पावसाळ्यात याच आठवड्यांत पिल्लं जायची. छप्पर गळत नव्हतं, खाद्यही चांगलं होतं. भांडं मात्र जमिनीवर होतं आणि भोवतीचं तूस काळं पडून थर झालं होतं, खुरपं घालून सुटलं नाही इतकं. ते उकरून बाहेर टाकलं, भांडं दोन विटांवर चढवलं, खालच्या जागेत दर आठ दिवसांनी तूस उलटंसुलटं करायची सवय लावली. पुढच्या खेपेला तिथे लाल विष्ठा दिसली नाही.

रोग लागलाच तर अँप्रोलियम नावाचं औषध पाण्यातून देतात, पाच ते सात दिवस. दुकानात ते वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, म्हणून चमच्याचा अंदाज नको. पाकिटावरचं प्रमाण वाचा किंवा पशुवैद्यांना विचारा. औषधाचं पाणी रोज ताजं करा आणि त्या काळात दुसरं साधं पाणी ठेवू नका. एक गोष्ट बहुतेकांना सांगितली जात नाही: हे औषध परजीवीचा बी१ जीवनसत्त्वाचा पुरवठा तोडून काम करतं, तेव्हा उपचार चालू असताना सोबत बी-जीवनसत्त्वांचं टॉनिक दिलं तर औषधाचा जोर जातो. टॉनिक उपचार संपल्यावर द्या. फिनाइल शिंपडून ही बीजं मरत नाहीत. ओलं तूस उचलणं, ऊन आणि वारा, हेच खरं.

मानमोडी आणि लसीची तारीख

सरकारी कागदावर राणीखेत, आपल्याकडे मानमोडी. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडून घरघर, मग पाय-पंख लुळे आणि मान पाठीकडे वळलेली. लस न झालेल्या कळपात आली तर खुराडं रिकामं करून जाते. हिच्यावर औषध नाही. लसूण, मिरची, दारूचे थेंब, सगळं लोक करून बघतात. त्याने पक्षी वाचत नाही, आजारी पक्षी हाताळून हातावाटे रोग तेवढा पसरतो.

लसी अशा: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-१ ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या विषाणूच्या रोगाची. चौथ्या आठवड्यात लासोटाची दुसरी मात्रा, पाण्यातून. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची, पंखाच्या पातळ कातडीत टोचून. आठव्या आठवड्यात आर२बी, मानमोडीचीच, इंजेक्शनने. आर२बी ही जोरकस लस आहे. "एकदाच मोठी देऊन टाकू" म्हणून ती लहान पिल्लांना देऊ नका, लसीनेच पिल्लं लुळी पडतात. आजारी दिसणाऱ्या पक्ष्यालाही लस टोचायची नसते.

"लस दिली होती, तरी मेली," हेही खूप ऐकू येतं. तेव्हा मी विचारते, कुपी आणली कशात? खिशात किंवा पिशवीत घालून एसटीने आणलेली लस वाटेतच मेलेली असते. तिला २ ते ८ सेल्सिअसची थंडी अखंड लागते. थर्मासात बर्फ घालून आणा, कालवल्यावर तास-दोन तासांत संपवा, उन्हात उघडू नका. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणी चालत नाही, क्लोरिन लस मारतं. विहिरीचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात लिटरमागे पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. आधी तासभर पिल्लांचं पाणी काढून ठेवा, म्हणजे सगळी एकदम पितील.

खरी अडचण वेगळीच. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि आपल्याकडे पिल्लं पंधरा. पंधरा पिल्लांसाठी कोण कुपी फोडणार, म्हणून राहून जातं. यावर वस्तीने एकत्र येण्यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही. एक वार ठरवा, सगळ्यांच्या कोंबड्या त्या दिवशी पहाटे डालग्याखाली झाका, दवाखान्यातून एकच कुपी आणा, दोन जणांनी घरोघर फिरून थेंब घाला. कोंबड्या अंधारात हाती लागतात, म्हणून झाकायचं काम उजाडायच्या आत. पैसे वाटून नगण्य होतात. आणि शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्या परसाभोवती रोग फिरत राहतोच. कुंपण कोंबडीला अडवतं, विषाणूला नाही. राज्यात लागणाऱ्या लसी पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवलं तर मागवून मिळतात.

मानमोडी आली की लोक ती लपवतात आणि उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेतात. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. चार दिवसांत तोच रोग बाजारातून पलीकडच्या गावात पोचतो आणि तिथून परत येतो. कृपा करून असं करू नका.

देवीबद्दल थोडक्यात. तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीच्या कडेला खपल्या येतात, डास पसरवतात. खपल्या खरवडू नका. हळद खोबरेल तेलात कालवून लावा, डोळे मिठाच्या कोमट पाण्याने पुसा, दिसत नसेल तर हाताने दाणा-पाणी द्या. तीन-चार आठवड्यांत बहुतेक बरी होतात. घशात पिवळे थर आले तर पशुवैद्य गाठा.

कोंबडीखालची पिल्लं

खुडूक कोंबडीने उबवलेल्या पिल्लांना दिव्याची गरज नसते, तरी तिथेही तीच तक्रार येते: बारा निघाली, चार राहिली. पहिलं कारण उवा आणि गोचिड्या. एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीच्या अंगावर त्या माजतात आणि पिल्लं निघाली की कोवळ्या डोक्यावर, गळ्यावर चढतात. पिल्लू फिकं पडून, कारण न कळता मरतं. रात्री टॉर्च घेऊन कोंबडीच्या गुदाभोवतीची आणि पंखाखालची पिसं उलटून बघा. कोंबडी बसवण्याआधीच चुलीची चाळलेली, पूर्ण विझलेली राख आणि कोरडी माती यांत तिला मनसोक्त लोळू द्या, पाटीतलं जुनं गवत जाळून टाका, खुराड्याच्या लाकडाच्या फटी चुन्याने बुजवा. गोचिड्या दिवसा त्या फटीत असतात, म्हणून कोंबडी तपासून काही सापडलं नाही तरी खुराडं तपासा. फवारणीचं औषध वापरायचंच झालं तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने आणि पिल्लं निघण्याच्या बऱ्याच आधी.

दुसरं कारण, पिल्लांना घेऊन ती पहिल्याच दिवसापासून दवात, पावसात हिंडते. पहिले दहा-पंधरा दिवस तिला डालग्याखाली ठेवा. पिल्लं काड्यांच्या फटीतून बाहेर येतील-जातील, आई जागेवर असेल, पिल्लं फार लांब जाणार नाहीत.

पिल्लं मरत नाहीत, नाहीशी होतात

मग दिनदर्शिका बाजूला ठेवा आणि खुणा बघा. दिवसा, एकेक, काही मागे न राहता: घार, कावळा किंवा मांजर. घार झाडाच्या शेंड्यावर ठरल्या वेळी येते. अंगणात तुराट्यांचे भारे तिरके उभे करून ठेवा, पिल्लांना पळून लपायला जागा होते. वर मासेमारीचं जुनं जाळं ताणलं तर आणखी चांगलं. रात्री, पाय कुरतडलेले किंवा जाळीतून अर्धं ओढलेलं पिल्लू: घूस किंवा उंदीर. आपण आणतो ती षटकोनी जाळी कोंबडीसाठी ठीक आहे, उंदराला त्यात दार उघडंच असतं. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि फूटभर जमिनीत पुरा. एकाच रात्री बरेच पक्षी मान-डोकं चावून मारलेले आणि तिथेच टाकलेले असतील तर मुंगूस किंवा रानमांजर आत शिरलंय. मुठीएवढं भोक त्याला पुरतं. आमच्याकडे बिबट्याही खुराड्याशी येतो. तिथे रात्री आवाज आला म्हणून एकट्याने, काळोखात बाहेर पडू नका. कोंबडी गेली तर गेली.

दाणा

नुसत्या तांदळाच्या कण्यांवर वाढवलेली पिल्लं काही आठवड्यांत पायावर बसतात, बोटं आत वळतात. ती बी२ जीवनसत्त्वाची उपासमार. स्टार्टर खाद्यात साधारण २० टक्के प्रथिनं असतात. पहिले सहा ते आठ आठवडे तेच द्या, पैसे तिथे खर्च करा, मग कण्या, बाजरी, घरचं खरकटं चालतं. कोकणातल्यासारखी सुकट घालणार असाल तर आधी धुवून घ्या, मिठाने पिल्लं मरतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना नको, त्यातलं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांवर येतं. बुरशी धरलेला मका कोणालाच नको, कोंबडीलाही नाही. एकमेकांची शेपटी टोचून रक्त काढत असतील तर दाटी झाली आहे किंवा प्रथिनं कमी पडतायत: जखमी पिल्लू लगेच बाहेर काढा, जागा वाढवा, मेथीची जुडी चोचीच्या उंचीला टांगा म्हणजे चोची तिकडे गुंततात.

दवाखान्यात कधी, आणि पुढच्या खेपेआधी काय

दोन दिवसांत दोन-चार पिल्लं गेली आणि वरच्या कशातच बसत नसेल, तर ताजं मेलेलं पिल्लू दुहेरी पिशवीत, सोबत बर्फ घालून, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका, शवविच्छेदनात नीट दिसत नाही. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. मोठ्या कोंबड्या एका-दोन दिवसांत धडाधड मेल्या, तुरे निळे-काळे पडले, चेहरे सुजले, तर मात्र पक्ष्याला हात न लावता आधी दवाखान्याला कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू नोंदला गेला. अशा वेळी मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकणं किंवा कुत्र्यांना घालणं सगळ्या भागाला महागात पडतं. एरवीही मेलेला पक्षी दोन-तीन फूट खड्ड्यात, वर कळीचा चुना टाकून पुरायचा.

खेप संपली की जुनं तूस सगळं बाहेर काढून उकिरड्यात लांब कुजवा, खुराडं धुवून वाळवा, भिंतींना आणि फटींना चुना मारा, आणि निदान दोन आठवडे ते रिकामं उन्हा-वाऱ्यात राहू द्या. नवीन पिल्लं यायच्या चार तास आधी दिवा लावून तूस तापवा. बाजारातून एखादी मोठी कोंबडी आणलीत तर तिला पंधरा दिवस घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या भांड्यांवर ठेवा. तिचं काम करायचं ते पिल्लांचं आवरल्यावर, आधी नाही.